कडा ढासळला की वाट कुठे जाते?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला शिकते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही दोघे समुद्रकाठच्या एका पायवाटेने चालायला गेलो. मध्येच एका जागी वाट कुंपणाशी येऊन थांबली. पलीकडे सरळ कडा आणि खाली समुद्र. वादळात इथली वाट समुद्रात गेल्याची पाटी लावली होती आणि शेताच्या आतल्या बाजूने नवी वाट काढलेली होती. नवी वाट भक्कम होती, पायऱ्या, पाणी जायला चर, साकव, सगळे जागच्या जागी. आमच्याकडे पावसाळ्यात पाखाडी खचली की लोक वर्षानुवर्षे चिखलातून ये-जा करतात. एवढी लांबलचक वाट तिकडे पुन्हा बांधतो कोण? बांधतात कशी? आणि दर वेळी मागे सरण्यापेक्षा समुद्राला भिंत घालून आहे ती वाट का वाचवत नाहीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही चाललात ती ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’. सॉमरसेटमधल्या माइनहेड गावातून ती निघते, डेव्हन आणि कॉर्नवॉलचा सगळा किनारा धरून जाते आणि डॉर्सेटमध्ये पूल बंदराच्या तोंडाशी संपते. लांबी ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर. वाटेतले सगळे चढ एकत्र केले तर ते ३५,००० मीटरच्या आसपास भरतात, एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ चौपट. सलग चालणाऱ्याला सात-आठ आठवडे लागतात. नद्यांची मुखे आली की तिथे आपल्या खाड्यांसारखीच तरीतून पलीकडे जावे लागते.

तुमच्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका गोष्टीत आहे. ही वाट सांभाळणाऱ्यांनी जमीन आणि चालण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकून घेतले. जमीन समुद्र नेणार, ती कायमची धरून ठेवता येत नाही. पण किनाऱ्याने चालण्याचा लोकांचा हक्क जमिनीबरोबर बुडू द्यायचा नाही, एवढे त्यांनी ठरवले. दगड-लाकडाचे काम या निर्णयानंतर सुरू होते. आपल्याकडे पाखाडी पडून राहते ती गवंडी मिळत नाही म्हणून क्वचितच. ती कोणाची, हे कुठे लिहिलेले नसते म्हणून ती पडून राहते.

वाट इतकी काठावर का आहे?

ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी आखलेली नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर चोरटा माल उतरवण्याचा मोठा धंदा चाले. दारू, तंबाखू, चहा रात्रीच्या अंधारात होड्यांतून यायचा. तो पकडण्यासाठी तटरक्षक दलाचे लोक पायी गस्त घालत. प्रत्येक लहान-मोठ्या खाचेत, प्रत्येक पुळणीवर डोकावून पाहायचे असल्याने त्यांची वाट कड्याच्या अगदी काठाने गेली. गस्त बंद पडल्यावर वाटेचे तुकडे मागे राहिले. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेशाच्या कायद्याने अशा लांब पल्ल्याच्या वाटांना मान्यता मिळण्याची सोय झाली. १९७३ मध्ये कॉर्नवॉलचा भाग रीतसर खुला झाला आणि १९७८ मध्ये शेवटचा तुकडा जोडून सबंध वाट पूर्ण झाली.

पहारेकऱ्याला कड्याखाली दिसावे म्हणून आखलेली वाट कडा ढासळला की सगळ्यात आधी जाते. तिचे सौंदर्य आणि तिचा धोका एकाच कारणातून आलेले आहेत.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात काय झाले?

वादळानंतरच्या दुरुस्तीचा विषय निघाला की या वाटेवरचे लोक हटकून त्या हिवाळ्याचे नाव काढतात. डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात अटलांटिकवरून एकामागोमाग एक मोठी वादळे येत राहिली. इंग्लंड-वेल्सच्या पावसाची सलग नोंद १७६६ पासून आहे आणि तेवढ्या काळातला तो सर्वांत ओला हिवाळा ठरला. कॉर्नवॉलमध्ये पोर्थकोथन इथली खडकाची कमान पडली. डॉर्सेटच्या पोर्टलंडजवळचा ‘पॉम पॉम रॉक’ नावाचा खडकाचा सुळका नाहीसा झाला. ४ फेब्रुवारीच्या रात्री डेव्हनमधल्या डॉलिश गावात समुद्राने १८४६ पासूनच्या रेल्वेमार्गाखालची भिंत फोडली आणि रूळ अधांतरी लोंबत राहिले. किनारी वाट तिथे त्याच भिंतीला धरून जाते. कुठे पायऱ्या वाहून गेल्या, कुठे साकव गेला, कुठे कड्याचा काठ वाटेसकट खाली आला. वाटेची अनेक ठिकाणे एकाच हिवाळ्यात बंद करावी लागली.

वाट तुटते ती केवळ लाटांनी, असा आपला समज असतो. लाटा कड्याच्या पायथ्याची माती आणि दगड ओढून नेतात आणि वरचा भाग आधाराविना उरतो, हे खरे. पण निम्मे काम पाऊस करतो. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनच्या किनाऱ्यावर वर पाणी झिरपू देणारा चुनखडीचा किंवा वालुकाश्माचा थर आणि खाली पाणी अडवणारी चिकण माती, अशी रचना ठिकठिकाणी आहे. आठवडेच्या आठवडे पाऊस झाला की पाणी वरच्या थरातून उतरते, चिकण मातीवर साठते आणि वरचा सगळा थर ओल्या साबणावर ठेवलेल्या पाटासारखा घसरायला तयार होतो. म्हणून पुष्कळ कडे वादळाच्या दिवशी पडत नाहीत. आकाश निवळल्यावर, कधी आठवड्यांनी, स्वच्छ उन्हात पडतात. कोकणात जांभ्याच्या सड्याखाली चिकट मातीचा थर असतो. तुमच्याकडच्या दरडींमागचे गणित यापेक्षा फार वेगळे नाही.

पश्चिम कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट याउलट फार टणक. तिथे कडा शतकानुशतके तसाच उभा असतो, पण वाटेवरची पातळ माती पावसाने धुऊन जाते आणि पायाखाली उघडा, निसरडा खडक उरतो. एकाच वाटेवर दुखणी निराळी आहेत, त्यामुळे उपायही निराळे करावे लागतात.

आधी कागद, मग कुदळ

कडा पडल्यावर पहिल्या दिवशी बांधकाम सुरू होत नाही. पहिले काम वाट बंद करण्याचे. दोन्ही बाजूंनी अडथळे लावायचे, सूचना लिहायच्या आणि चालणाऱ्याला जवळच्या दुसऱ्या वाटेने किंवा रस्त्याने वळसा दाखवायचा. मग भूगर्भतज्ज्ञ जाऊन पाहतात. काठापासून आत जमिनीला भेगा आहेत का, पाणी कुठून निघते आहे, पडलेला भाग अजून सरकतो आहे का, याची पाहणी होते. ताजी दरड निथळून स्थिरावेपर्यंत तिला हात लावत नाहीत. वसंतात पक्षी झुडपांत घरटी करतात, त्या दिवसांत झाडोरा तोडायलाही अडचण येते.

यानंतर येतो खरा गुंता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सार्वजनिक पायवाट ही ठरावीक जमिनीवरून जाणारी ठरावीक रेघ असते. ती जमीन समुद्रात गेली की तिच्यावरून चालण्याचा हक्कही जातो. शेजारच्या शेतातून चालायला लागण्याची मुभा आपोआप मिळत नाही. स्थानिक प्रशासनाने शेतकऱ्याशी करार करायचा किंवा वाट वळवण्याचा रीतसर आदेश काढायचा, हरकती ऐकायच्या, भरपाईचे बोलायचे. यात महिने जातात, कधी वर्षेही. दरम्यान एखादा समंजस शेतकरी आपल्या मर्जीने तात्पुरती वाट देतो, पण ती त्याची मेहेरबानी असते, लोकांचा हक्क नसतो.

हा पेच २००९ च्या सागरी आणि किनारी प्रवेशाच्या कायद्याने सोडवायला घेतला. इंग्लंडच्या सबंध किनाऱ्याभोवती चालण्याची वाट असावी, हा त्या कायद्याचा उद्देश. तिला आता राजा तिसरे चार्ल्स यांचे नाव दिले असून तिची लांबी सुमारे २,७०० मैल धरली जाते. साउथ वेस्ट कोस्ट पाथ तिचाच भाग. या कायद्यातली मोलाची तरतूद अशी की जिथे किनारा झिजणार हे माहीत आहे, तिथे वाटेचा आराखडा मंजूर करतानाच ‘कडा मागे सरला तर वाटही मागे सरेल’ असे लिहून ठेवता येते. नंतर दरड पडली की पुन्हा पहिल्यापासून प्रकरण चालवावे लागत नाही. निसर्गरक्षणाची सरकारी संस्था, म्हणजे ‘नॅचरल इंग्लंड’, जमीनमालकाशी बोलून नवी रेघ ठरवते. लोकांची घरे आणि अंगणे यांतून वाट नेत नाहीत. शेतकऱ्याचे कुंपण, गुरांचे फाटक, पेरणी यांचा विचार आधी होतो.

मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. संकट येण्याआधी, शांत डोक्याने, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून झालेला हा निर्णय आहे. दरड पडल्यावर माणसे चिडलेली असतात, पैसे अपुरे असतात आणि प्रत्येकाला आपले नुकसान मोठे दिसते. त्या वेळी नवा न्याय शोधत बसणे अवघड. आधी लिहून ठेवलेला न्याय फक्त अमलात आणायचा असतो.

प्रत्यक्ष बांधणी

नवी रेघ ठरली की ती काठाला चिकटवून आखत नाहीत. पुढची काही दशके समुद्र किती आत येईल याचा अंदाज घेऊन मध्ये मोकळी जागा सोडतात. मग जुने कुंपण सरकवायचे. कॉर्नवॉलमध्ये शेतांना मातीने भरलेले दगडी बांध असतात, आपल्या गडग्यांपेक्षा रुंद आणि वर झुडपे उगवलेले. त्यात चालणाऱ्यापुरती वाट काढायची आणि गुरे बाहेर पडणार नाहीत असे फाटक बसवायचे.

चढावर पायऱ्या खणतात. पायरीच्या तोंडाला लाकडी ओंडका किंवा दगड उभा रोवायचा आणि मागे मुरूम ठोकून भरायचा. ओल्या जागी फळ्यांची उंच वाट करतात. लहान ओढ्यांवर साकव घालतात आणि तो मुखापासून थोडा आत, पुराच्या पाण्याच्या वर ठेवतात. पुष्कळ ठिकाणी गाडी पोचत नाही. लाकूड, दगड, खडी लहान यंत्रांनी, हातगाड्यांनी, शेवटी माणसांच्या खांद्यावरून न्यावी लागते. फारच अडचणीच्या जागी हेलिकॉप्टरने दगड उतरवतात.

या सगळ्यात दिसायला किरकोळ आणि खऱ्या अर्थाने निर्णायक काम पाण्याचे. वाट किंचित बाहेरच्या अंगाला उतरती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून धावत सुटत नाही, आडवे ओलांडून जाते. ठरावीक अंतरावर तिरपे चर घालायचे. वरच्या शेतातून येणारे पाणी नळीतून वाटेखालून काढायचे. पाणी वाटेवर साचले की लोक चिखल टाळायला बाजूने चालतात, वाट रुंदावते, गवत मरते, माती सुटते आणि पुढच्या पावसात तिथेच घळ पडते. पाणी ज्याने काढून दिले त्याची वाट टिकली, हा नियम डेव्हनलाही लागू आहे आणि दापोलीलाही.

शेवटी दिशाखुणा लागतात. इंग्लंड-वेल्समधल्या राष्ट्रीय वाटांची खूण ओकच्या फळाची आहे. ती खूण नव्या खांबावर लागली आणि नकाशावर रेघ बदलली की वाट पुन्हा वाट झाली.

हे काम करते कोण, हा तुमचा पहिला प्रश्न. त्यात अनेकांचा हात असतो. बराचसा पैसा नॅचरल इंग्लंडमार्फत सरकारकडून येतो. रोजची देखभाल स्थानिक प्रशासने आणि एक्समूरचे राष्ट्रीय उद्यान पाहतात. किनाऱ्याचा मोठा हिस्सा ‘नॅशनल ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेच्या मालकीचा आहे. किनारपट्टी विकत घेऊन लोकांसाठी राखण्याची तिची मोहीम १९६५ पासून चालू आहे. त्या जमिनीवरची वाट ट्रस्टचे कर्मचारी आणि स्वयंसेवक राखतात. याशिवाय १९७३ मध्ये स्थापन झालेली वाटेची स्वतःची संघटना आहे. तिचे सभासद आपापला तुकडा चालून पाहतात, कुठे काय मोडले ते कळवतात, निधी जमवतात आणि सरकारच्या मागे लागतात. एखादी वाट आपली वाटणारे लोक तिच्या प्रत्येक मैलावर असणे, ही कुठल्याही अंदाजपत्रकाइतकीच मोठी शक्ती आहे.

मग भिंतच का नाही?

काही ठिकाणी भिंतही घालतात. डॉलिशचा रेल्वेमार्ग नैऋत्य इंग्लंडला उरलेल्या देशाशी जोडतो. तो सोडून देणे शक्य नव्हते. फुटलेल्या भागापुढे दगडमातीने भरलेले मालवाहू कंटेनर रचून लाटा अडवल्या, मागे काम केले आणि ४ एप्रिल २०१४ ला, दोन महिन्यांत, गाड्या सुरू झाल्या. पुढे टप्प्याटप्प्याने नवी, जास्त उंच आणि लाटेला समुद्राकडे परतवणाऱ्या माथ्याची भिंत उभी राहिली आणि तिच्यावरून चालण्याची वाटही अधिक सुरक्षित झाली. लाइम रीजिस गावाच्या पूर्वेकडच्या उतारालाही भिंत आणि आधार देण्याचे काम २०१५ मध्ये पुरे झाले, कारण वर माणसांची घरे होती.

इंग्लंडमध्ये किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी आधीच धोरण ठरवतात. चार पर्याय असतात. आहे ती रेषा राखायची, समुद्रात पुढे जायचे, विचारपूर्वक मागे सरायचे किंवा निसर्गाला त्याचे काम करू द्यायचे. गाव, रेल्वे, बंदर असेल तिथे रेषा राखतात. पायवाटेसाठी तसे करत नाहीत आणि त्याचे कारण केवळ खर्च नाही. कड्यातून झिजलेली माती आणि गोटेच पुढच्या पुळणीला मिळत असतात. एका जागी भिंत घातली की पुढची पुळण उपाशी पडते आणि तिच्यामागचा कडा जास्त वेगाने झिजतो.

डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनच्या किनाऱ्याबाबत आणखी एक कारण आहे. हा सुमारे ९५ मैलांचा किनारा २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तो त्याच्या खडकांतल्या जीवाश्मांमुळे. लाइम रीजिसला १७९९ मध्ये जन्मलेली मेरी ॲनिंग गरीब सुताराची मुलगी. दरडी कोसळल्यावर उघड्या पडणाऱ्या जीवाश्मांच्या शोधात ती आयुष्यभर याच कड्यांखाली फिरली. तिने आणि तिच्या भावाने १८११-१२ च्या सुमारास इक्थिओसॉरचा सांगाडा शोधला आणि प्राचीन जीवसृष्टीच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. कडा पडायचा थांबला की हे सारे झाकले जाईल. तिथे झीज थांबवणे म्हणजे वारसाच थांबवणे.

याच विषयावर आलेले आणखी काही प्रश्न

प्रश्न : पडलेली वाट पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो? — पुणे

उत्तर : एका टोकाला काही दिवस, दुसऱ्या टोकाला काही वर्षे. मोकळ्या माळावर कुंपण मागे घ्यायचे असेल आणि मालक तयार असेल तर काम झटपट होते. अवघड उदाहरण म्हणजे ॲक्समथ आणि लाइम रीजिस यांच्यामधला ‘अंडरक्लिफ’. इथे सुमारे सात मैल वाट जुन्या दरडींनी बनलेल्या दाट जंगलातून जाते आणि मध्ये बाहेर पडायला रस्ता नाही. १८३९ च्या नाताळात इथे प्रचंड भूस्खलन झाले होते. वरचा जमिनीचा तुकडा उभ्या पिकासकट सुटून समुद्राकडे सरकला. विल्यम कॉनिबेअर आणि विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञांनी लगेच जाऊन त्याचे वर्णन केले. शास्त्रीय पद्धतीने नोंदल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या भूस्खलनांत ते धरले जाते. सरकलेल्या तुकड्यावरचा गहू पुढच्या उन्हाळ्यात कापला, तेव्हा तो पाहायला मोठी गर्दी लोटली होती. २०१४ मध्ये याच पट्ट्यात पुन्हा जमीन सरकली आणि वाट बंद झाली. ती नव्या मार्गाने खुली व्हायला २०१६ उजाडले. जमीन शांत होण्याची वाट पाहणे, जंगलातून सुरक्षित रेघ शोधणे आणि राखीव वनाला धक्का न लावता काम करणे, हे सगळे त्या दोन वर्षांत झाले.

प्रश्न : आमच्याकडे खाडीतला वाळूउपसा हा कायमचा वादाचा विषय आहे. वादळाच्या नुकसानीशी त्याचा खरोखर संबंध असतो का? — मालवण

उत्तर : असतो, आणि त्याचा कठोर पुरावा याच वाटेवर उभा आहे. दक्षिण डेव्हनमध्ये हॉलसँड्स नावाचे कोळ्यांचे गाव कड्याखालच्या खडकावर वसले होते. पुढे गोट्यांची रुंद पुळण होती आणि ती लाटांचा जोर मोडत असे. १८९७ पासून प्लिमथच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी समोरच्या समुद्रातून गोटे आणि वाळू उपसायला सुरुवात झाली. समुद्र ती भर पुन्हा आणून टाकील, असे गृहीत धरले होते. पण ते गोटे हिमयुगानंतर साठलेले होते, नवे येणार नव्हते. गावकऱ्यांनी विरोध केला, पुळण खाली खाली गेली, १९०२ मध्ये उपसा थांबवला. तोवर लाखो टन माल गेला होता. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री भरती आणि पूर्वेचे वादळ एकाच वेळी आले. माणसे वाचली, पण गावातल्या २९ घरांपैकी एकच राहण्याजोगे उरले. आज किनारी वाट त्या अवशेषांच्या वरच्या अंगाने जाते.

वादळ नैसर्गिक होते. त्याच्यापुढची ढाल माणसाने काढून नेली होती. पुळण, खडकाळ किनारा, आपल्याकडची कांदळवने आणि वाळूच्या टेकड्या ही फुकट मिळालेली बांधबंदिस्ती आहे. ती मोडल्यावर तिच्या जागी काँक्रीट घालायला लागणारा पैसा कोणत्याही उपशातून मिळत नाही.

प्रश्न : अशा किनारी वाटेवर जायचे झाले तर काय काळजी घ्यावी? — ठाणे

उत्तर : वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती मानावी, अडथळ्यापलीकडे पायवाट कितीही स्पष्ट दिसत असली तरी. काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून गवत हिरवेगार दिसते. कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढू नयेत आणि कड्याच्या पायथ्याशी बसूनही राहू नये. लांब पावसानंतर ऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नये, हे वर सांगितलेच आहे. भरती-ओहोटीच्या वेळा निघण्यापूर्वी पाहाव्यात, कारण पुळणीवरून जाणाऱ्या वाटा भरतीला तुटतात. इंग्लंडला जाणाऱ्यांनी वाटेच्या संघटनेकडून त्या दिवशीच्या बंद टप्प्यांची माहिती घ्यावी. नकाशा जुना असेल तर त्यावरची रेघ आता हवेत असू शकते.

प्रश्न : कोकणात असे काही करता येईल का? — देवगड

उत्तर : करता येईल, आणि त्यासाठी इंग्लंडचा कायदा उसना आणण्याची गरज नाही. आपल्या गावनकाशांवर पाऊलमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेले असतात. वहिवाटीच्या वाटेत कोणी अडथळा केला तर तो दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने आहे. शेताच्या बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. आपल्याकडे कमी आहे ती नोंदीची सवय आणि आधीच ठरवण्याची सवय.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. दोन्ही वेळा लोकांनी हिमतीने वाटांवरची झाडे तोडून, माती उपसून गावे मोकळी केली. हेच कष्ट एका ठरावाच्या आधाराने झाले तर जास्त टिकतील. ज्या पाखाड्या आणि पाणंदी किनाऱ्याकडे, शाळेकडे, देवळाकडे, बंदराकडे जातात त्या गावाने एकदा चालून पाहाव्यात. गावनकाशावर त्या आहेत का ते तपासावे, नसतील तर जाणत्या माणसांकडून माहिती घेऊन नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा. जिथे कडा किंवा पुळण दरवर्षी मागे येते आहे, तिथे वाट कोणाच्या जमिनीतून आणि किती आत घ्यायची, याचे बोलणे मालकासोबत ग्रामसभेत आत्ताच करून घ्यावे आणि लेखी ठेवावे. मालकाचे झाड, कुंपण, पाण्याचा प्रवाह यांची भरपाई त्यातच लिहावी. आणि मृगाच्या आधी वाटेवरचे चर साफ करण्याचे काम दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी करावे.

रत्नागिरीच्या वाचकांनी पाहिलेली ती भक्कम वाट यापेक्षा वेगळ्या कशानेही उभी राहिलेली नाही. तिच्यात दगड थोडा आहे आणि आधी झालेले बोलणे पुष्कळ आहे. पैशाची वाट पाहत थांबावे लागेल असे यात फार थोडे आहे. बोलणे आजच सुरू करता येते. पुढची ग्रामसभा केव्हा आहे ते पाहा आणि विषयपत्रिकेवर आपल्या वाटेचे नाव घालायला सांगा.